लावलेली झाडं मोजून काय कळणार?
शाळेत इको क्लब आहे का, झाडं किती लावली, यावरून पर्यावरण शिक्षणाचा दर्जा ठरवावा असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हा विषय सक्तीचा करायला सांगितलं होतं. अकरावी-बारावीला तर 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आहेच, आणि त्या प्रकल्पवह्या घरी कोण लिहितं तेही सगळ्यांना ठाऊक आहे!

मी शिकवायचो तेव्हा पोरांना गळक्या नळाखाली बादली ठेवायला लावायचो. तासाला किती पाणी जातं? मग दिवसाला, वर्षाला? आकडे भिंतीवर लिहायचे. खरी तपासणी सहा महिन्यांनी. नळ दुरुस्त झालाय का, आणि त्यासाठी अर्ज कोणाकडे केला, हे पोरांनाच विचारायचं.