कम्युनिटी टँकमध्ये सिक्लिड नकोतच का?

मुठाकाठ:
तीन फुटी टँक (३ × १ × १.५ फूट), पाणी साधारण १२० लिटर. कम्युनिटी टँक, म्हणजे निरनिराळ्या जाती एकत्र: आत नियॉन टेट्रा आणि तळाशी फिरणारे कोरी. आता एंजलची जोडी, क्रिबेन्सिसची जोडी आणि चार यलो लॅब आणायचे म्हणतोय, तिन्ही सिक्लिड या कुळातले मासे. ‘सिक्लिड मारकुटे, वेगळेच ठेवा’ असं जो तो सांगतो, मला पटत नाही. एंजल सिक्लिडच ना? रॅमसुद्धा? मग ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नच्या दांडगाईची शिक्षा अख्ख्या कुळाला कशाला? मी आणणार ते तिन्ही शांत आहेत असं दुकानातही सांगितलं.

जुनी काच:
दुकानातली दोन इंची पिल्लं शांतच असतात हो. एंजल अंगाने १५ सेंमीपर्यंत जातो, परांसकट उंची त्याहून जास्त. तोवर नियॉन त्याच्या तोंडात मावायला लागतात, आणि मावलं की गिळायचं. त्याला भांडण म्हणत नाहीत, जेवण म्हणतात. वर जोडी लागली की अर्धा टँक त्यांचा. तीन फुटांत सिक्लिडची एकच जात ठेवा, नाहीतर सिक्लिडच नको.

करवंटी:
हे जरा टोकाचं झालं. पण यलो लॅब यादीतून आधी काढा, आणि तेही स्वभावामुळे नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या म्बुनांमध्ये (खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांमध्ये) तो बराच सोशिक. अडतं ते पाण्यावर. त्याला जड, अल्कलाइन पाणी लागतं, पीएच ७.७ ते ८.६. नियॉन ॲमेझॉन खोऱ्यातले, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातले. कुणाची सोय बघणार?

मुठाकाठ:
हे पुस्तकी वाटतं. दुकानातले बहुतेक मासे फार्मवर वाढलेले. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी मलावी पाहिलेलं नाही. नळाच्या पाण्यात जगतात की!

करवंटी:
एंजलबाबत मान्य, मध्यम जड पाण्यात तो मजेत राहतो. पण फार्मवर पाण्याची सवय लागते, जागेची हाव सुटत नाही. म्बुना पाळणारे मुद्दाम दाटी करतात, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. सगळेच दांडगे असतील तरच ही युक्ती चालते.

क्रिबेन्सिस आकाराने तुमच्या टँकला बसतो. अडचण अशी की पालथ्या करवंटीत अंडी घातली की सगळा तळ त्याचा. कोरींना हद्द कळत नाही. रात्री नाक खुपसत तिथेच जातात आणि बदडून घेतात. त्यापेक्षा बोलिव्हियन रॅम घ्या, २४-२५ अंशांना नियॉनशी जमतं. निळा रॅम नको, त्याला २८ च्या आसपास ऊब लागते आणि नियॉनना ती कायमची सोसत नाही.

जुनी काच:
बोलिव्हियन रॅम काय हवेत अंडी घालतो? तोही तळावरच, सपाट दगडावर. कोरींचे हाल तेच, फक्त मार जरा हलका.

मांडवीकर:
सगळे परदेशीच का बघता? आमचं काळुंदर, केरळचं करीमीन, सिक्लिडच आहे. २०१० मध्ये केरळने त्याला राज्यमासा केलं. ताटात सगळे ओळखतात, काचेत कुणी नाही. टँकसाठी त्याचा लहान भाऊबंद ऑरेंज क्रोमाइड बघा: ८ सेंमीच्या आसपास, पिवळाधमक. याची पिल्लं काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात.

जुनी काच:
मासा सुरेख, वाद नाही. पण तो खाडीतला. गोड्या पाण्यात राहतो, तरी पाणी फार मऊ असलं तर आजारी पडतो. त्याच्यासाठी मीठ टाकलं की कोरींचं काय? त्याला स्वतंत्र टँक द्या.

मुठाकाठ:
बरं, लॅब रद्द. क्रिबेन्सिसही राहू दे. एंजल मात्र आणणार. नियॉन पूर्ण वाढलेले आहेत, एंजल पिल्लं आणेन. सोबत वाढले की खात नाहीत म्हणे.

जुनी काच:
काहींकडे वर्ष-वर्ष निभतं. एक दिवस दिवा लावावा तर नियॉन कमी. आजच मोजून ठेवा.

करवंटी:
लेमन टेट्रा घ्या, अंगाने उंच, सहज गिळले जात नाहीत. आणि नियॉन देणार असाल तर मला सांगा, दोन फुटी टँक रिकामाच आहे.