मांड्यांच्या धंद्याला इन्स्टाग्राम लागतंच का?

वडगावची मांडेवाली:

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. जाऊबाई आणि मी, दोघी मिळून लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करतो. सासूबाईंनी शिकवलेलं काम आहे. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू होतात त्या ज्येष्ठापर्यंत. आजवर सगळं तोंडी चाललंय. आचारी नाव सांगतात, नाहीतर कुणाच्या तरी शिदोरीत आमचे मांडे गेलेले असतात.

आता मुलाचा एक मित्र मागे लागलाय. महिन्याला सहा हजार द्या, इन्स्टाग्रामवर बारा पोस्ट टाकतो म्हणतो. "काकू, तिथं नाही म्हणजे तुम्ही कुठंच नाही," असं तो बोलला आणि ते मनाला लागलं.

माझी अडचण अशी. पिठाचा गोळा हातावर फिरवत कोपरापर्यंत पातळ करायचा आणि पालथ्या कढईवर टाकायचा. भाजला की गरम असतानाच घडी घालावी लागते. क्षणभर उशीर झाला तर मांडा कडक होतो आणि घडी घालताना मोडतो. दोन्ही हात त्यात गुंतलेले असताना फोनवर उत्तरं कोण देणार? गेल्या माघात एका अनोळखी माणसानं मेसेज करून शंभर मांडे सांगितले. आम्ही पहाटे तीनला उठून केले, न्यायला कुणी आलंच नाही. तेव्हापासून धास्तीच घेतलीय. जाणत्यांनी सांगा, या वाटेला जावं की नको?

शहापूरचा साडीवाला:

वैनी, ते सहा हजार देऊ नका. खरं, फोन बाजूला ठेवूनही बसू नका.

आमचं साड्यांचं दुकान आजोबांपासूनचं. मीही एका पोराला पैसे देऊन फेसबुकवर पान काढून घेतलं होतं. महिनाभरात लाईक एवढे आले की मी घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. नंतर नावं वाचायला बसलो तर निम्मी माणसं पार उत्तरेतली. जाहिरात कुठं दिसावी ते त्यानं ठरवलंच नव्हतं, सगळ्या देशभर सोडून दिली होती. त्यातलं एकही माणूस शहापुरातल्या माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही. वर जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी पडला तो वेगळाच. पुढं मी स्वतः बसून फक्त बेळगाव आणि आजूबाजूचा भाग निवडला, तेव्हा कुठं खानापूर, चंदगडकडचे फोन यायला लागले.

आम्हाला खरा उपयोग झाला तो व्हॉट्सअ‍ॅपचा. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात. आदल्या संध्याकाळी उद्याच्या रंगाच्या चार साड्या स्टेटसला लावतो, सकाळी दुकान उघडायच्या आधी गिऱ्हाईक दारात असतं. ही सगळी ओळखीची माणसं. नव्या माणसाला शोधत बसण्यापेक्षा, ज्यानं एकदा घेतलंय त्याला आपली आठवण करून देणं स्वस्तात होतं आणि फसवणूकही कमी.

फोटोचं मात्र शिकावं लागलं. दुकानातल्या एलईडीखाली काढलेली मोरपंखी साडी फोटोत निव्वळ निळी दिसली. निपाणीच्या एका बाईंनी ती परत पाठवली आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून सकाळी दहाच्या सुमारास दारातल्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोरच फोटो काढतो. तुमच्या मांड्याचा फोटोही तसाच काढा, घडी उलगडून, पदर दिसतील असा. तेवढा एक फोटो पुरे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. तुम्ही कढईपाशी असाल तेव्हा आपोआप उत्तर जातं. त्यात लिहून ठेवा: "आम्ही कामात आहोत, दुपारी चारनंतर फोन करतो." कॅटलॉगमध्ये दर घाला, म्हणजे "कितीला?" हा प्रश्न शंभरदा येणार नाही. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप एकदम सगळ्यांना पाठवायच्या, एका यादीत 256 नंबर बसतात, खरं ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून मांडे देताना टोपलीवर चिठ्ठी लावा आणि नंबर सेव्ह करा म्हणून तोंडानंही सांगा.

आणि वही सोडू नका. 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र मी विसरणार नाही. तीन दिवसांवर घटस्थापना, आणि नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद. सुमारे सहा तास! कुणाला कुठली साडी बाजूला ठेवलीय ते सगळं चॅटमध्ये. मी दुकानात डोकं धरून बसलो होतो. आता नाव, नंबर, माल, पैसे सगळं लाल वहीत उतरवतो.

पैशाचं कळकळीनं सांगतो. अर्धी रक्कम हातात आल्याशिवाय पीठ भिजवू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एकदा मी त्यावर विश्वास ठेवून दोन साड्या घालवल्यात. बँकेचा मेसेज किंवा खात्यातली नोंद बघा, मगच होय म्हणा.

खानापूरचा कुंभार:

वरचं सगळं पटतं. खरं, इन्स्टाग्रामला एवढं बाजूला सारू नका, कारण आम्हाला त्यानं हात दिलाय.

वडील खानापूरच्या बाजारात मडकी विकायचे. मी चाकावर पाण्याचा माठ घडतानाचे व्हिडिओ टाकायला लागलो. कसलं गाणं नाही, बोलणं नाही. फक्त हात, माती आणि चाकाचा आवाज. पहिले सात-आठ महिने काहीच हललं नाही. मग गोव्यातून एका हॉटेलवाल्यानं दह्यासाठी मातीच्या लहान वाट्या मागितल्या आणि तिथून सुरुवात झाली. आज माझा बराच माल अनमोड घाटानं खाली उतरतो. खानापूरच्या बाजारात बसून तो माणूस मला भेटलाच नसता.

वैनींच्या कामातही बघण्यासारखं आहे. कोपरापर्यंत पीठ फिरवणं आता किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय? महिन्यातून दोन व्हिडिओ मुलाकडून काढून घ्या, बारा नकोत. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन-दोन ओळी लिहा. आपल्याकडं लग्नं दोन्ही भाषांच्या घरांत आहेत आणि मांडे दोन्हीकडं लागतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. मांडा घाटातून पोचणार नाही, चुरा होईल. माझी मडकी पेंढ्यात बांधली तरी फुटतात. म्हणून "फक्त बेळगाव, घरून घेऊन जाणे" असं वरच लिहून टाका.

शहापूरचा साडीवाला:

कुंभारदादांनी घाटाचं काढलं म्हणून आठवलं. आपण सीमेवर राहतो, त्यामुळे ही गोष्ट पुणे-मुंबईचे सल्लागार कधी सांगत नाहीत. शिनोळी आपल्याला पलीकडच्या गल्लीसारखी, खरं कागदावर ते महाराष्ट्र. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटीची नोंदणी लागते. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत जी सूट आहे, ती तिथं चालत नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असणाऱ्याला तर परराज्यात माल विकताच येत नाही. मातीच्या मडक्यांवर कर नाही म्हणून दादांचं निभावतं. मिठाईवर आहे. इन्स्टाग्रामवरून पहिली ऑर्डर कोल्हापूरची आली तर हुरळून जाऊन लगेच कुरिअर करू नका, आधी सीएंना विचारा.

खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबरही लागतो. नसेल तर आधी तो काढा, पोस्टचं नंतर बघू.

आणि गूगल मॅपवर नाव घाला, त्याला पैसे पडत नाहीत. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून नुसता भाग दाखवता येतो. बायामाणसं घरात एकट्या असतात तिथं ते बरं. तुमचं नाव सांगणारा एक चांगला आचारी आणि गूगलवरचे दहा खरे अभिप्राय, तुमच्या धंद्याला मी एवढंच आधी धरेन.

वडगावची मांडेवाली:

दोघांचेही मनापासून आभार. त्या मुलाला सहा हजारांचं नको म्हणून सांगितलं, खरं दोन व्हिडिओ काढून दे म्हटलं, त्याचे वेगळे पैसे देईन. तो तयार झाला. काल जाऊबाईंचे हात फक्त दिसतील असा एक काढला. त्या आधी लाजत होत्या, मग तीनदा परत लावून बघितला.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर चारनंतरचा निरोप घातलाय. एफएसएसएआयचा नंबर आमच्याकडं नव्हता, सोमवारी त्याच्या मागे लागते.

आता एकच विचारायचंय. ओळखीचा आचारी ऑर्डर घेऊन येतो तेव्हा अर्धी रक्कम आधी कशी मागायची? वीस वर्षांचा घरोबा आहे.

खानापूरचा कुंभार:

आचाऱ्याकडं मागू नका वैनी. लग्नघरचा नंबर त्याच्याकडून घ्या आणि दर, मोजणी, न्यायची वेळ असा निरोप थेट त्यांना पाठवा. आगाऊ रक्कम त्यातच लिहा. आचाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही आणि पुढच्या लग्नाला त्या घरचा नंबर तुमच्याकडं राहतो.