म्हाताऱ्या ताऱ्याचा वायू उडतो तो परत खाली का पडत नाही?

रात्रपाळी: मीरा ताऱ्याबद्दल वाचतोय (आपली मीरा नव्हे, लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत). ३३२ दिवसांचं चक्र, तारा फुगतो, आकसतो, कधी नुसत्या डोळ्यांनी दिसतो तर कधी पार गायब, हे सगळं ठीक आहे. पण सगळीकडे लिहिलंय की या धडधडीमुळे तो वस्तुमान गमावतो. कसं काय? वर फेकलेला वायू खालीच येणार ना?

धूळधाण: शंका रास्त आहे, नुसत्या धडधडीने वायू सुटतच नाही. सूर्याएवढं वस्तुमान सूर्याच्या ३०० पट त्रिज्येत पसरलं तरी पृष्ठभागावर मुक्तिवेग (ताऱ्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला ३५ किमीच्या आसपास राहतो. धडधडीचं काम एवढंच की शॉक वेव्हने (वायूतून जाणाऱ्या जोरदार दाबलाटेने) वायू वर उचलायचा. तिथे तो हजार-दीड हजार केल्व्हिनपर्यंत थंडावतो, धुळीचे कण धरतात आणि मग ताऱ्याचा उजेडच त्या कणांना बाहेर ढकलतो, कण जाता जाता वायूला धडका देत सोबत ओढून नेतात. खाली पडायच्या आत धूळ धरली तर सुटला, नाहीतर पुढच्या चक्राला पुन्हा वर.

चष्मेवाला: एक मेख आहे बरं का. कार्बनवाल्या ताऱ्यात धूळ काजळीसारखी काळी, उजेड मस्त शोषते, प्रश्नच नाही. पण मीरासारख्या ऑक्सिजनवाल्यात सिलिकेट (वाळू-दगडासारखं खनिज) असतं, त्यात लोह नसलं तर ते जवळपास पारदर्शक, आणि लोह असलं तर ताऱ्याजवळ तापून वाफ होऊन जातं. मग उजेडाने ढकलायचं तरी कोणाला? तर बिनलोहाचे कण मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) तिसऱ्या हिश्श्याएवढे वाढले की उजेड शोषण्याऐवजी विखुरतात आणि त्यानेच धक्का मिळतो, असा एक तोडगा आहे. मला पटतो, पण सगळ्या ताऱ्यांना पुरेल असं वाटत नाही.

रात्रपाळी: भारी! आणि जातं किती?

धूळधाण: मीराचं साधारण सौरवाऱ्याच्या (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांच्या) कोटी पट. वेग मात्र सेकंदाला जेमतेम ५-१० किमी, सौरवारा ४००च्या घरात. शेवटी शेवटी तर काही तारे वर्षाला सौर वस्तुमानाचा लाखावा भाग टाकतात, म्हणजे ५० हजार वर्षांत अर्धा सूर्य, खाली उरतो श्वेतबटू, म्हणजे ताऱ्याचा छोटा, घट्ट गाभा.

चष्मेवाला: मीराची शेपटी बघ, २००७ साली नासाच्या गॅलेक्स अवकाश दुर्बिणीला अतिनीलमध्ये दिसली, १३ प्रकाशवर्षं लांब. टोकाचा माल ३० हजार वर्षांपूर्वी सुटलेला आहे.