सर्किट बेंच आले, आता कोल्हापूरच्या मध्यवस्तीत टॉवर हवेत का?

महाद्वारचा पादचारी

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारे न्यायपीठ, कोल्हापुरात सुरू झाले आणि भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे येऊ लागली. तेव्हापासून जिथे बसावे तिथे एकच वाक्य कानावर पडते : वकिलांना कार्यालये हवीत, पक्षकारांना उतरायला जागा हवी, तेव्हा आता मध्यवस्तीत दहा-पंधरा मजली टॉवर उभे राहिल्याशिवाय गत्यंतर नाही. मला हे मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर मांडतो, आणि कोणी खोडून काढले तर राग मानणार नाही.

पापाची तिकटीपासून महाद्वार रोडने अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जाताना माणूस थकत नाही, याचे कारण तिथल्या गाळ्यांच्या रुंदीत आहे. आठ-दहा फुटांवर एक दुकान संपते आणि दुसरे सुरू होते. चप्पल, साज, हळदी-कुंकू, भांडी आणि मध्येच एखादा अरुंद जिना, ज्याच्या वर कोणीतरी अजून राहते. टॉवर बांधायचा म्हणजे आधी असे चार-पाच भूखंड एकत्र करावे लागतात. मग तळमजल्यावर काय येते? मोटारींचा रॅम्प, रोहित्राची खोली, पहारेकऱ्याची केबिन, आणि काचेआड एक गारेगार दालन, ज्यात पादचाऱ्याला काहीच काम नसते. जिथे दहा दारे होती तिथे एक दार उरते. मला आकाशाची चिंता फारशी नाही. रस्त्यावरचा शंभर फुटांचा दर्शनी भाग मुका होतो, ही माझी तक्रार आहे.

मुंबईत नरिमन पॉइंटने हेच दाखवून दिले. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर मुख्यतः कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसे आणि दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसे. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले तेव्हा बरीच कार्यालयेही तिकडे निघून गेली. पॅरिसने १९७३ मध्ये माँपार्नासचा २१० मीटर उंच मनोरा उभारला आणि लोकांचा रोष असा झाला की १९७७ मध्ये शहरात जास्तीत जास्त ३७ मीटरची मर्यादा घालावी लागली. उंच कार्यालये शहराच्या सीमेबाहेर ला देफाँसला गेली.

आपल्याकडे उंचीचे आणखी एक कारण आहे, आणि ते केवळ भावनेचे नाही. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे देवळात शिरून देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो. या तारखा २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, कारण त्या दोन्ही वेळी मावळता सूर्य क्षितिजावर एकाच जागी असतो. सूर्य तेव्हा इतका खाली आलेला असतो की, किरणांच्या वाटेत एक किलोमीटरवर ३० मीटर उंचीची इमारत आली, तर ती क्षितिजापासून सुमारे पावणेदोन अंश आकाश झाकते, म्हणजे तीनहून अधिक सूर्यबिंबांएवढे. किरणांच्या मार्गातल्या बांधकामांची मोजणी यापूर्वी झाली आहे आणि काही अडथळे काढावेही लागले आहेत. साध्या तीन-चार मजल्यांनी ही वेळ आणली, तर टॉवर काय करतील?

राहिला प्रश्न जागेचा. एक हिशेब करून पाहा. हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर दोन एफएसआय मिळतो, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट, दोन हजार चौरस मीटर बांधकाम. भूखंडाचा साठ टक्के भाग व्यापला तर हे बांधकाम साडेतीन मजल्यांच्या आत बसते. वीस टक्के व्यापला तर दहा मजले लागतात. माणसे दोन्हीकडे तितकीच मावतात. उंची म्हणजे दाटी नव्हे, हे आपल्या जुन्या पेठा शेकडो वर्षे दाखवत आल्या आहेत.

ओळंबा

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरचा आहे. मी नकाशे काढून पोट भरतो, म्हणून थोडे आतले सांगतो.

साठ टक्के भूखंड व्यापायला आज कोण देतो? इमारतीच्या चारही बाजूंना सामासिक अंतर सोडावे लागते, अग्निशमनाची गाडी फिरेल इतकी जागा ठेवावी लागते, आणि मग येते पार्किंग. इतक्या चौरस मीटरला इतक्या मोटारी आणि इतक्या दुचाकी, असे कोष्टकच आहे. ते पूर्ण करता करता तळमजला संपतो, प्रसंगी पहिला मजलाही जातो. आपण ज्या मुक्या तळमजल्याबद्दल हळहळता, तो मी चार मजली इमारतीतही रोज काढतो. राजारामपुरीच्या गल्ल्यांमधून फिरून या. तिथे टॉवर किती आहेत? आणि बंगले पाडून झालेल्या अपार्टमेंटांच्या खाली दुकाने किती आहेत आणि खांबांमध्ये उभ्या केलेल्या मोटारी किती? गुन्हा पार्किंगच्या कोष्टकाने केला आहे आणि आपण शिक्षा उंचीला देत आहात.

दुसरे म्हणजे पेठांमध्ये टॉवर येतील ही भीतीच अनाठायी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून किंवा टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन वाढीव बांधकाम किती करता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. शिवाजी पेठेतल्या बोळात कोणी कितीही पैसे ओतले तरी पंधरा मजले मंजूर होणार नाहीत. टॉवर येतील ते स्टेशन रोड, दाभोळकर कॉर्नर, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या पट्ट्यात, जिथे रस्ते रुंद आहेत आणि एसटी स्थानक व रेल्वे चालण्याच्या अंतरावर आहे. किरणोत्सवाचा मार्ग देवळाच्या पश्चिमेला आहे. त्या पट्ट्यापुरती उंची बांधून द्यावी, मी स्वतः त्या मागणीवर सही करीन. पण देवळाच्या पूर्वेकडच्या स्टेशन रोडला त्या कारणाने रोखणे म्हणजे न्याय झाला नाही.

तिसरे म्हणजे, आपण ज्या मध्यवस्तीला जिवंत म्हणता, तिच्यातली राहती माणसे कमी होत आहेत. आपला तो अरुंद जिना चढून वर जा. दहापैकी किती जिन्यांच्या वर कुटुंब आहे आणि किती ठिकाणी मालाची गोदामे किंवा यात्रेकरूंच्या खोल्या आहेत? कुटुंबे कळंबा, पाचगाव, उचगावला गेली. १९७२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे आणि २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या जवळपास साडेपाच लाख होती. वर जायचे नाही, हद्दही वाढायची नाही, तर वस्ती उसाच्या शेतात पसरते, आणि ती शेतातली माणसे रोज सकाळी दुचाकीवरून आपल्याच महाद्वार रोडला येतात.

नरिमन पॉइंटचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तो भाग संध्याकाळी ओस पडला, कारण तिथे घरे जवळजवळ नव्हतीच. कॅनडातील व्हँकुव्हरने खाली रस्त्यालगत दोन-तीन मजल्यांची सलग दुकाने आणि घरे ठेवली, त्यांच्या डोक्यावर मागे सरकवलेले सडपातळ निवासी मनोरे उभारले, आणि मध्यवर्ती भागात माणसे राहायला आणली. तिथे रस्त्यावरून चालणाऱ्याला दुकानेच दिसतात, मनोरा मान वर केली तरच दिसतो.

परीख पुलाखालून

दोघांचेही वाचले. स्टेशन रोडला दहा टॉवर आले तर राजारामपुरीकडून तिथे पोहोचायचे कसे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. रेल्वे आपल्याकडे येऊन संपते आणि तिने शहराचे दोन तुकडे केलेले आहेत. त्या दोन तुकड्यांमधला माझा रोजचा रस्ता एका बुटक्या पुलाखालून जातो, जिथे वळवाच्या एका सरीत पाणी साचते. इमारतीत शंभर गाड्यांची सोय केली, तरी त्या शंभर गाड्या बाहेर पडून याच पुलाखाली येणार आहेत. आधी पूल करा, मग मजले मोजू.

शाहूपुरीचा गाळेधारक

चर्चा चांगली चालली आहे, परंतु पॅरिस आणि व्हँकुव्हर करताना पंचगंगा कोणाला आठवली नाही याचे आश्चर्य वाटते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते, हे इथले शाळकरी पोरही सांगेल. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. जयंती नाल्यातून फुगवटा मागे येतो आणि नदी दिसतही नाही अशा ठिकाणी, व्हीनस कॉर्नरला आणि शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्यांत, होड्या चालतात. आता ओळंबा साहेबांनी टॉवरसाठी निवडलेला पट्टा पुन्हा वाचा. नागाळा पार्क आणि स्टेशन रोडचा खालचा भाग. रस्ते रुंद आहेत हे खरे, पण त्याच रुंद रस्त्यांवर लष्कराच्या बोटी आल्या होत्या.

२०१९ ला माझ्या गाळ्यात छातीएवढे पाणी होते. पोटमाळ्यावर चढवलेला माल वाचला, खालचा गेला. त्यामुळे पादचारी महाशयांचा तो दहा दारांचा तळमजला माझ्यासाठी गोड आठवण नाही, तो माझा तोट्याचा खातेउतारा आहे. आमच्याकडे नवीन बांधणारा प्रत्येक जण इमारत खांबांवर उचलतो आणि त्याने तसे केलेच पाहिजे. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वरचेवर येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत नवे बांधकाम नकोच; निळ्या आणि लाल, म्हणजे क्वचित येणाऱ्या महापुराच्या, रेषेच्या मध्ये बांधायचे तर राहती पातळी पुराच्या वरच हवी. इथे मुका तळमजला ही स्थापत्याची चूक नाही, नदीची अट आहे.

एक गोष्ट मात्र विचारतो. पुराच्या आठवड्यात वीज बंद असते. चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीला आम्ही खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले आणि होडीत ठेवले. चौदाव्या मजल्यावरून कसे आणायचे?

महाद्वारचा पादचारी

गाळेधारकांचा मुद्दा माझ्या विरोधात जातो आणि तो मला मान्य करावा लागतो. मी महाद्वार रोडचे माप घेऊन सगळ्या शहराचे कपडे शिवायला निघालो होतो. देऊळ उंचवट्यावर आहे, शाहूपुरी नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही व्यापारपेठ वसवली, तेव्हा मोकळी जागा मिळाली ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, हे लक्षात ठेवायला हवे होते.

पार्किंगच्या कोष्टकाबद्दलही ओळंबा यांच्याशी माझे भांडण उरलेले नाही. जुन्या पेठांमध्ये ते कोष्टक रद्दच करावे आणि गाड्यांसाठी पेठेच्या कडेला सामाईक वाहनतळ करावा, हे मी त्यांच्या बरोबरीने मागेन.

मात्र कुटुंबे टॉवरमध्ये परत येतील, हे मला पटत नाही. वाड्यातला भाडेकरू वर्षानुवर्षे नाममात्र भाड्यात राहतो. टॉवरमध्ये त्याला मोफत घर दिले तरी दोन लिफ्ट, जनरेटर, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा आणि पहारेकरी यांचा महिन्याचा मेंटेनन्स त्याला झेपणार नाही. तो दोन वर्षांत घर विकून पाचगावलाच जाईल. गिरणगावात गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, तेव्हा त्यांच्या सावलीतल्या चाळींतून गिरणी कामगारांची कुटुंबे कुठे गेली हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. त्यांतली कित्येक आपल्याच जिल्ह्यातल्या गावांना परतली. उंच इमारत बांधायला महाग असते आणि चालवायला त्याहून महाग. चार मजल्यांना जिना पुरतो. म्हणून माझे म्हणणे आता एवढेच आहे की, पेठांमध्ये भूखंड एकत्र न करता, आहे त्या रुंदीत, चार-पाच मजल्यांपर्यंत पुनर्बांधणी सोपी करावी.

ओळंबा

मेंटेनन्सचा मुद्दा मी खोडून काढणार नाही. तो मी विचारात घेतलेला नव्हता. चौदाव्या मजल्यावरच्या आजींचे उत्तरही माझ्याजवळ तयार नाही. जनरेटर तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवता येतो आणि ठेवलाच पाहिजे, पण त्याचे डिझेल किती दिवस पुरेल हा प्रश्न उरतोच.

तरीही कार्यालयांचा प्रश्न सुटलेला नाही. सर्किट बेंचसाठी शेंडा पार्कची जागा ठरली आहे. न्यायालय तिकडे गेले की वकील, टंकलेखक, झेरॉक्सवाले आणि खानावळी त्याच्या मागोमाग जातील. म्हणजे मध्यवस्तीत आज टॉवर बांधणारा माणूस, काही वर्षांत उठून जाणाऱ्या भाडेकरूंसाठी बांधत असेल. उंच कार्यालये शेंडा पार्कलाच व्हावीत, तिथे पुराचे पाणी येत नाही. फक्त त्यांच्या शेजारी घरेही पहिल्या दिवसापासून मंजूर करावीत. मी स्टेशन रोडचा आग्रह एवढ्यापुरता मागे घेतो. उंचवट्यावरच्या ताराबाई पार्कचा घेत नाही.

शाहूपुरीचा गाळेधारक

शेंडा पार्कला माझी हरकत नाही, माझे गिऱ्हाईक तिकडे जाणार नसेल तर.

खांबांवरच्या इमारतीबद्दल एक राहिले. आमच्या शेजारच्या गल्लीत अशी एक नवी इमारत झाली. तिच्या खालच्या मोकळ्या जागेत सुरुवातीची दोन वर्षे सकाळी एक भाजीवाली बसायची आणि संध्याकाळी भेळेची गाडी लागायची. पाऊस आला की अर्धी गल्ली तिथे आसऱ्याला उभी असे. पुराचा इशारा आला की भाजीवाली टोपली उचलून निघून जाई, तिचे काही बुडत नसे. तळमजला तेव्हा मुका नव्हता. गेल्या वर्षी सोसायटीने पार्किंगच्या जागांवर नंबर घातले आणि दर्शनी बाजूला साखळी लावली.