उठावाची अक्षरं असलेली पाटी: टेप लावूनही स्टेन अक्षरांत शिरतोय

नवी_पटाशी
पाइनची पाटी आहे, ६०० × ३०० मिमी, जाडी २५. देवनागरी अक्षरं राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) ६ मिमी उठावाची काढली आहेत. लाकडाचे तंतू आडवे. मागची जमीन गडद अक्रोडी आणि अक्षरं पांढरी हवीत. अक्षरांवर मास्किंग टेप लावून पातळ ऑइल स्टेन (लाकडात मुरणारा तेली रंग) मारला, तर अक्षरांच्या कडा काळ्या पडल्या, त्यातही काने जास्तच. जमिनीवर ढगासारखे डाग उठलेत ते वेगळेच. पाटी बाहेर उन्हापावसात लागणार आहे. चुकतंय कुठे, आणि ही पाटी वाचेल का?

रंधा
टेप कितीही भारी आणा, फरक पडणार नाही. स्टेन लाकडाच्या आतून येतोय.

शिरोरेषा तंतूंच्या दिशेने जाते, म्हणून तिची खालची-वरची बाजू कमी पिते. काना तंतूंना आडवा. त्याच्या दोन्ही बाजूंना तंतूंची तोंडं उघडी पडलेली असतात आणि ती स्ट्रॉसारखा स्टेन ओढतात. तोच पुढे सरकत टेपखाली दिसतो. जमिनीवरचे ढग म्हणजे पाइनचा स्वभाव: मऊ भाग भराभर पितो, कडक भाग पीत नाही.

म्हणून स्टेनच्या आधी सीलर, म्हणजे लाकडाचं पिणं कमी करणारा थर. मेणविरहित लाखेचे दाणे १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम, रात्रभर विरघळू द्या. अक्षरांना, विशेषतः बाजूंना, दोन हात. जमिनीसाठी तेच मिश्रण तितक्याच स्पिरिटने पातळ करून एक हात. तासाभराने ३२० नंबरच्या सँडपेपरने अलगद घासा. मग पातळ स्टेन नको, जेलीसारखा घट्ट जेल स्टेन घ्या. तो वरच्यावर बसतो, पळत नाही. लावल्यावर ३ ते ५ मिनिटांत पुसायचा. शिरोरेषेखालच्या कोपऱ्यांत आणि ठ, थ च्या पोटात तो साचतो, तिथे फडकं पोचत नाही. कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने उपसून काढा आणि दर वेळी ब्रश कागदावर पुसा. साचलेला स्टेन आठवडाभर चिकट राहतो आणि वरचं व्हार्निश सुरकुततं.

उभी_रेघ
टेपची गरजच नाही. सीलरनंतर सगळ्या पाटीवर स्टेन मारा, २४ तास वाळू द्या आणि मग फक्त अक्षरांचे माथे घासा. सपाट लाकडी ठोकळ्यावर १८० नंबरचा कागद चिकटवून, तंतूंच्या दिशेने. ठोकळा एकाच वेळी दोन-तीन अक्षरांवर टेकेल एवढा लांब हवा. स्पंज किंवा बोटाने घासलंत तर कडा गोल होतात आणि बाजूंचा स्टेनही निघतो. अनुस्वाराच्या टिंबाला जपा. एवढ्याशा बुंध्यावर तंतू आखूड असतात, आडवा धक्का लागला की टिंब उडतं.

पांढऱ्या रंगासाठी ५० मिमीचा घट्ट फोम रोलर. आधी पुठ्ठ्यावर फिरवून जवळजवळ कोरडा करा, मग अक्षरांवर तिरका, दाब न देता. तीन पातळ हात. लोकरी रोलर नको, त्याची लव मोकळ्या जागेत उतरून जमिनीला लागते. जाड हात दिलात की रंग कडेवरून ओघळलाच म्हणून समजा.

ऊनपाऊस
लाखेबद्दल थोडा वाद घालतो. घरातल्या पाटीला उत्तम, पण पाणी मुरलं की लाख पांढरी पडते. बाहेरच्या पाटीला पुढे जे व्हार्निश मारणार तेच टर्पेंटाइनमध्ये निम्मं पातळ करून सीलर म्हणून वापरा. वाळायला एक दिवस जास्त जातो, एवढंच.

व्हार्निश बाहेरच्या कामाचं, अतिनील किरणं अडवणारं हवं. घरातलं पॉलीयुरेथेन बाहेर पापडासारखं सुटतं, कारण ऊन आरपार जाऊन खालचं लाकूडच कुजकं करतं. किमान चार हात. अक्षरांच्या धारदार कडांवरून व्हार्निश मागे सरतं आणि थर तिथेच पातळ राहतो, म्हणून आधी २२० नंबरचा कागद एकदाच हलका फिरवून धार मोडा. पाठ, चारही कडा आणि स्क्रूची भोकं सोडू नका, पुढच्या बाजूइतकेच हात तिकडेही द्या. एकाच बाजूने सील केलेली पाटी वाकते.

क्रम महत्त्वाचा: आधी सगळं व्हार्निश, पांढरा रंग शेवटी. ऑइल व्हार्निश कालांतराने पिवळं पडतं, पांढऱ्यावर आलं की अक्षरं जुन्या कागदासारखी दिसतात. माथे ३२० ने खरवडा, मग बाहेरच्या कामाचा इनॅमल रंग.

नवी_पटाशी
आणि आत्ता जी काळी झाली आहे ती?

रंधा
माथे ठोकळ्याने अर्धा मिमीपर्यंत उतरवून बघा. त्याहून खोल गेलेल्या डागांच्या मागे लागू नका, उठाव कमी होईल. अक्षरं पांढरीच करायची आहेत ना, मग डाग रोखणाऱ्या ऑइल प्रायमरचे दोन हात त्याच फोम रोलरने देऊन वर इनॅमल. प्रायमर गाळलात तर महिन्याभरात पांढऱ्यातून तपकिरी सावली वर येईल. जमिनीवरचे ढग पातळ स्टेनचा आणखी हात देऊन जात नाहीत, उलट गडद होतात. पूर्ण वाळल्यावर गडद जेल स्टेनचा एक हात दिला की बरेच झाकले जातात.

स्टेनची फडकी चोळामोळा करून टाकू नका, तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटतो. एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवा.