कमी खर्चातील चित्रपटासाठी फोकल रिड्यूसर घ्यावा की ते पैसे दिव्यांवर खर्चावेत?

तापीकाठ (भुसावळ):
अहिराणी लघुपट आणि गाणी करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक मंडळींजवळ मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरचा जुना कॅमेरा असतो आणि लग्नाचे चित्रण करणाऱ्या मित्राकडून कॅननच्या ईएफ लेन्स मिळतात. साधा ॲडॉप्टर लावून ही जोडी जमवली, तर ५० मिमीची लेन्स फुलफ्रेमवरील (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरील) १०० मिमीइतकेच अरुंद दृश्य दाखवते. धाब्याच्या घरात चार माणसे चौकटीत घ्यायची म्हटली की कॅमेरा मागे नेता नेता पाठ भिंतीला टेकते.

फोकल रिड्यूसर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा, आत काच असलेला ॲडॉप्टर. ०.७१ पट रिड्यूसर लावला की तीच लेन्स ३५.५ मिमीची होते आणि एफ १.८ चे एफ १.२८ होते (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), म्हणजे एक पूर्ण स्टॉप प्रकाश वाढतो, जवळजवळ दुप्पट होतो. यात जादू काही नाही. सेन्सरच्या बाहेर सांडणारा प्रकाश मधली काच लहान वर्तुळात गोळा करते. ही कल्पना दुर्बिणींत फार पूर्वीपासून वापरात आहे आणि निकॉनने फुजीफिल्मबरोबर १९९५ साली काढलेल्या ई२ कॅमेऱ्यातही ती होती, पण त्याची बॉडी अवजड होती. २०१३ साली मेटाबोन्स कंपनीने लेन्सरचनाकार ब्रायन काल्डवेल यांच्या रचनेवरून स्पीड बूस्टर हा रिड्यूसर आणला, तेव्हा ही सोय तळहातावर मावणाऱ्या ॲडॉप्टरमध्ये आली आणि पुढे व्हिलट्रॉक्ससारख्या कंपन्यांनी ती आणखी स्वस्त केली.

गेल्या श्रावणात आपल्या खानदेशातील कानबाई देवीच्या जागरणाचे चित्रण मी समई आणि एका बल्बच्या उजेडात केले. जे दृश्य मला ३२०० आयएसओवर (ही सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढवली की चित्र दाणेदार होते) घ्यावे लागले असते, ते १६०० वर मिळाले. मर्यादित पैशांत पहिली खरेदी हीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

पांढरी कपाशी (धुळे):
तापीकाठ भाऊ, आपले गणित बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. रिड्यूसर प्रकाश वाढवतो, पण तो कोठून यावा हे ठरवू शकत नाही. बल्ब डोक्यावर असेल तर बाईंच्या डोळ्यांखाली पडलेली सावली १६०० आयएसओवरही तशीच राहील. त्याच पैशांत एक बरा एलईडी दिवा येतो आणि तो पांढऱ्या थर्माकोलवरून परतवला, तर चेहऱ्याला जो गोलवा येतो तो कोणतीही काच देऊ शकत नाही.

शिवाय आपले निम्मे चित्रण दिवसा, उघड्या शेतात होते. वैशाखातील उन्हात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवून प्रकाश आवरणे मुळातच कठीण असते. तेथे वाढीव स्टॉपसाठी आणखी गडद एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) घ्यावा लागतो आणि तो हलक्या प्रतीचा घेतला तर रंग बिघडतात. मी स्वस्तातला एक रिड्यूसर वापरला आहे. छिद्र बारीक करून सूर्याकडे कॅमेरा वळवला की चौकटीच्या मध्यभागी निळसर डाग दिसे आणि छिद्र पूर्ण उघडले की कोपऱ्यांत पिकाची पाने विरघळल्यासारखी होत. तो प्रसंग पुन्हा चित्रित करण्यासाठी अर्धा दिवस गेला, आणि गावातील कलाकारांना शेतीची कामे सोडून पुन्हा बोलावणे हा मला सर्वांत महाग खर्च वाटतो.

ज्यांच्याकडे ब्लॅकमॅजिक पॉकेट फोर-के कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी तर गरज आणखी कमी होते. त्या सेन्सरला ४०० आणि ३२०० असे दोन मूळ आयएसओ, म्हणजे ज्यांवर चित्र स्वच्छ येते असे आकडे, आहेत, त्यामुळे ३२०० ला घाबरण्याचे कारण उरत नाही.

सातपुडा (शहादा):
दिवे लावण्याचा सल्ला कथापटासाठी योग्य आहे, पण सर्वत्र तो लागू पडत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील काठी येथील राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. तेथे एलईडी उभा करणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेत आपला खांब रोवणे होय. अशा माहितीपटात मिळेल त्या उजेडात काम करावे लागते आणि तेथे हा एक स्टॉप मला मोलाचा वाटतो.

ध्वनिलहर (चाळीसगाव):
कोणीही माइकचा उल्लेख केलेला नाही. अहिराणी संवाद कळला नाही तर एफ १.२८ कोणाच्या कामाचा? आवाजाची सोय झाल्यावरच मी लेन्सचा किंवा दिव्याचा विचार करेन.

तापीकाठ (भुसावळ):
ध्वनीविषयीचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो आणि पहिल्या खरेदीबद्दलचे माझे विधान तेवढे मागे घेतो.

पांढरी कपाशी, कोपऱ्यांच्या दोषाविषयी मात्र एक सुचवतो. रिड्यूसर म्हणजे लेन्स पूर्ण उघडीच ठेवायची, असे आपण गृहीत धरले आहे. मी लेन्सवर एफ २.८ ठेवतो आणि मला एफ २ चा उजेड मिळतो. छिद्र थोडे मिटल्यामुळे जुनी लेन्स अधिक रेखीव होते आणि एकट्याने फोकस सांभाळणेही शक्य होते. दृश्यकोनाच्या अडचणीवर तर आपल्या दिव्याकडे उत्तरच नाही, कारण दिवा घरातील भिंत मागे सरकवत नाही. स्वस्त ॲडॉप्टर घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की विद्युत संपर्क नसलेल्या ॲडॉप्टरवर ईएफ लेन्सचे छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. छिद्राचे कडे असलेली जुनी निकॉन किंवा एम४२ (आट्याने बसणारी जुनी) लेन्स असेल, तर तिच्या माउंटचा, म्हणजे बैठकीचा, साधा रिड्यूसरही पुरतो.

पांढरी कपाशी (धुळे):
भिंतीचा मुद्दा बिनतोड आहे. त्यासाठी मी रुंद लेन्स घेईन, पण मित्राच्या लेन्सवरच भागवायचे असेल तर आपला मार्ग मला पटतो. तरीही माझा पहिला दिवा आणि मगच रिड्यूसर हा क्रम कायम आहे.

घ्यायचाच असेल तर खात्री करून घ्यावा. एका कॅमेऱ्यासाठी बनवलेला रिड्यूसर दुसऱ्यावर बळजबरीने बसवू नये, कारण काहींची मागची काच इतकी आत जाते की ती कॅमेऱ्याच्या आतील भागांना धडकू शकते. काच केसभर पुढेमागे बसलेली असली तरी अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूंवर, फोकस लागत नाही आणि हा दोष रुंद लेन्सवर सर्वांत आधी दिसतो. आपण भुसावळला आहात, तेव्हा दीपनगर वीजकेंद्राची धुरांडी लांबून पूर्ण उघड्या छिद्रावर आधी मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांत घेऊन पाहावीत. त्या चाचणीसाठी माझी २४ मिमीची लेन्स हवी असेल तर रविवारी धुळ्याला येऊन घेऊन जावी.