‘खाली’ला अंडर म्हणायचं की बिलो?

सीमाभाग_शिक्षक
मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना अंडर, बिलो, बिनीथ आणि अंडरनीथ शिकवायचे आहेत. शब्दकोशात चारींपुढे ‘खाली’. कन्नडातून सांगावं तर तिथंही ‘केळगे’ एकच. मुलं ‘टेम्परेचर इज अंडर टेन डिग्रीज’ आणि ‘द बॅग इज बिलो द बेंच’ लिहितात. ‘साहेबांच्या खाली’ म्हणताना तर आमच्याच शिक्षकांत दोन मतं आहेत. पाठांतराशिवाय फरक कसा सांगावा?

खानापूरकर
आधी अंडर आणि बिलो तेवढे घ्या. वरची वस्तू खालच्या वस्तूच्या थेट डोक्यावर असेल, तिला झाकत असेल किंवा वरच्या वस्तूखालून आरपार जाता येत असेल, तर अंडर. बाकाखाली दप्तर, पुलाखालून रिक्षा, छत्रीखाली माणूस. नुसती पातळी खालची असेल, डोक्यावर छप्पर नसेल, तर बिलो. भिंतीवर दोन चित्रं एकाखाली एक टांगा. खालचं चित्र वरच्याच्या बिलो.

राजहंसगडाचं उदाहरण मुलांना लगेच पटेल. येळ्ळूर गाव ‘बिलो द फोर्ट’. ‘अंडर द फोर्ट’ म्हटलं की गाव गडाच्या पोटात गेलं! नदीच्या बाबतीत बिलो म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणून घटप्रभेवर गोकाक हे ‘बिलो हिडकल डॅम’. गोकाकच्या धबधब्याचंही तसंच. ‘बिलो द फॉल्स’ म्हणजे धबधब्याच्या पुढचं नदीचं पात्र, ‘अंडर द फॉल्स’ म्हणजे पाणी थेट अंगावर.

पाण्याच्या पृष्ठभागाखाली म्हणताना दोन्ही चालतात. तिथं गुण कापू नका.

कचेरी_मराठी
साहेबांचं सांगतो. मराठीत ‘हाताखाली’, कन्नडात ‘कैकेळगे’. हा हात जिथं आहे तिथं अंडर. हुकूम देणारा थेट वरिष्ठ असेल तर ‘शी वर्क्स अंडर द तहसीलदार’. दर्जाची उतरंड सांगायची असेल तर बिलो. चिकोडीचा शिरस्तेदार खानापूरच्या तहसीलदारापेक्षा ‘बिलो इन रँक’ आहे, पण त्यांच्या ‘अंडर’ नाही, कारण त्याला हुकूम चिकोडीतून मिळतो. ‘वर्क्स बिलो द मॅनेजर’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हा खालच्या मजल्यावर बसतो.

देखरेखीखाली, दबावाखाली, ओलिताखाली, कलमाखाली, सगळे अंडर. अपवाद दारिद्र्यरेषेखाली. रेषा ही पातळी, म्हणून बिलो. रेशनकार्डावरच्या बीपीएलमधला ‘बी’ तोच.

कनिष्ठ माणसाला ‘इन्फिरिअर’ मात्र कधीही लिहू नका. त्यात हलक्या प्रतीचा असा वास येतो आणि माणूस दुखावतो. ज्युनिअर किंवा सबॉर्डिनेट लिहा. ‘ज्युनिअर दॅन मी’ चूक, ‘ज्युनिअर टू मी’ बरोबर. लोअरला मात्र दॅनच लागतो.

निपाणी_व्याकरण
आकड्यांचं राहिलं. वय, किंमत, वेळ यांना अंडर: अंडर 18, अंडर 500 रुपीज, अंडर टू अवर्स. तापमान, समुद्रसपाटी, सरासरी, म्हणजे जिथं खूण केलेली उभी पट्टी डोळ्यांपुढे येते तिथं बिलो. म्हणून ‘बिलो टेन डिग्रीज’. अर्जांत ‘बिलो 18 इयर्स’ दिसतं. ते समजतं, पण मुलांना अंडरची सवय लावा.

कागदावर पुढचा मजकूर दाखवायला बिलोच, आणि तो नामानंतर: ‘द टेबल बिलो’. कचेरीच्या पत्रांत ‘द बिलो टेबल’ फार बोकाळलंय, ते टाळलेलं बरं. सहीच्या जागी मात्र ‘द अंडरसाइन्ड’.

सीमाभाग_शिक्षक
‘हाताखाली’ आणि ‘कैकेळगे’ उद्याच फळ्यावर लिहितो. आणि बिनीथ, अंडरनीथ?

खानापूरकर
अंडरनीथ म्हणजे अगदी खाली, बहुतेक वेळा चिकटून किंवा झाकलेलं: पायपुसण्याखाली किल्ली. तिथं अंडर लिहिलं तरी चूक नाही. अंडरनीथचा उपयोग असा की तो वाक्याच्या शेवटी एकटा उभा राहतो: ‘लिफ्ट द मॅट अँड लुक अंडरनीथ’.

बिनीथ पुस्तकी. मुलांना तो वाचताना कळला की पुरे. एकच प्रयोग पाठ करून घ्या, ‘बिनीथ हिज डिग्निटी’, म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेला न शोभणारं. तिथं अंडर बसत नाही.